सांजवेळेचे आरोग्य : आघाडीच्या फळीचा उत्तरार्ध

वाचकहो, १ डिसेंबर १९५६ या दिवशी मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताचा फुटबॉल संघ यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध मैदानात उतरला आणि ४-२ असा जिंकला. त्या चार गोलांपैकी तीन एकाच खेळाडूचे होते. नेव्हिल डिसोझा हे त्याचे नाव. मुंबईच्या मैदानांवर घडलेला, वंशाने गोमंतकीय, वय अवघे २४. ऑलिंपिकच्या फुटबॉलमध्ये हॅट्‌ट्रिक करणारा पहिला आशियाई खेळाडू म्हणून त्यांची नोंद आहे. त्या विजयामुळे भारत ऑलिंपिक फुटबॉलच्या उपांत्य फेरीत पोहोचलेला पहिला आशियाई देश ठरला. तीन दिवसांनी युगोस्लाव्हियाविरुद्ध भारताचा एकमेव गोलही डिसोझांचाच होता. भारत चौथा आला, पदक हुकले. परंतु स्पर्धेत सर्वाधिक म्हणजे चार गोल करणाऱ्या तिघांत एक नाव आपले होते.

आपल्यापैकी जे आज ऐंशीच्या घरात आहेत, त्यांच्या शाळकरी वयातील ही घटना. क्रिकेटच्या कोलाहलात ती विसरली गेली, याची खंत अनेकांनी व्यक्त केली आहे. ती मी येथे पुन्हा मांडणार नाही. या सदराचा विषय वार्धक्य हा आहे आणि मला आपल्याशी बोलायचे आहे ते मैदानावरच्या नव्वद मिनिटांनंतर येणाऱ्या तीस-चाळीस वर्षांविषयी. आघाडीच्या खेळाडूचे, ज्याला आज सर्वजण स्ट्रायकर म्हणतात त्याचे, पुढे काय होते?

प्रथम त्याचे काम काय असते ते पाहू. प्रतिस्पर्ध्याच्या गोलजवळ थांबायचे, दोन-तीन बचावपटूंच्या धक्काबुक्कीत जागा शोधायची, क्षणार्धात वळायचे आणि बाजूने उंच आलेला चेंडू उडी मारून डोक्याने जाळ्यात ढकलायचा. गुडघा, घोटा आणि डोके ही त्याची तीन हत्यारे, आणि उतारवयात दुखणी येतात तीही बहुधा तेथेच. त्या पिढीचा चेंडू चामड्याचा होता. कोरडा असताना त्याचे वजन आजच्या चेंडूइतकेच, सुमारे ४१० ते ४५० ग्रॅम. पण तो पाणी पीत असे. मुंबईत फुटबॉलचा हंगामच पावसाळ्याचा. कूपरेजच्या चिखलात तासभर लोळलेला चेंडू किती जड होतो, हे ज्यांनी तो कपाळावर झेलला आहे त्यांनाच ठाऊक. आपल्या नगरसारख्या छावणीच्या शहरात, शाळा-कॉलेजच्या संघातून वा पलटणीतून खेळलेले जे ज्येष्ठ आज हे वाचत असतील, त्यांना अधिक सांगावयास नको.

आणखी एक गोष्ट त्या काळच्या खेळाडूंच्या उत्तरायुष्याशी जोडलेली आहे, ती म्हणजे नोकरी. डिसोझा टाटा स्पोर्ट्‌स क्लब आणि कालटेक्स या संघांकडून खेळले. त्या काळचे मुंबईचे फुटबॉल हे कंपन्यांचे, गिरण्यांचे आणि रेल्वेचे फुटबॉल होते. अर्धा दिवस कचेरी, अर्धा दिवस सराव. पैसा फार नव्हता, पण खेळ थांबला तरी टेबल-खुर्ची शिल्लक राहत असे, भविष्यनिर्वाह निधी राहत असे, सहकारी राहत. खेळाडूच्या म्हातारपणाची एवढी साधी तरतूद नंतरच्या लखलखीत काळात अनेकांच्या वाट्याला आली नाही, असे माझे मत आहे.

डिसोझांना मात्र वार्धक्य लाभलेच नाही. १७ मार्च १९८० रोजी, वयाची ४८ वर्षे पूर्ण होण्याआधीच, ते गेले. म्हणून उत्तरायुष्याची गोष्ट त्यांच्या मेलबर्नच्या सोबत्यांकडून ऐकावी लागते.

उजव्या बाजूने खेळणारे प्रदीपकुमार बॅनर्जी, म्हणजे सर्वांचे पी. के., तेव्हा वीस वर्षांचे होते. पूर्व रेल्वेचा संघ त्यांनी कधी सोडला नाही. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये ते भारताचे कर्णधार होते. १९६२ च्या जाकार्ता एशियाडमध्ये अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाविरुद्ध २-१ असा विजय मिळाला, त्यातील एक गोल त्यांचा. १९६१ साली अर्जुन पुरस्कार सुरू झाला, तेव्हा फुटबॉलमधील पहिला मानकरी तेच. खेळ थांबल्यावर ते प्रशिक्षक झाले आणि कोलकात्याच्या दोन्ही मोठ्या संघांना त्यांनी घडविले. १९७७ साली पेले यांचा न्यूयॉर्क कॉसमॉस संघ कोलकात्यास आला, तेव्हा त्याला २-२ असे बरोबरीत रोखणाऱ्या मोहन बागानचे प्रशिक्षक पी. के. च होते. सामन्यापूर्वी ते खेळाडूंशी जे बोलत त्याला बंगालमध्ये ‘व्होकल टॉनिक’ म्हणत. शब्दांनी माणसे उभी करणाऱ्या या माणसाला अखेरच्या वर्षांत कंपवाताने आणि स्मृतिभ्रंशाने गाठले. २० मार्च २०२० रोजी, ८३ व्या वर्षी, न्यूमोनियाच्या आजारपणात त्यांचे निधन झाले.

मेलबर्नच्या संघाचे कर्णधार समर ऊर्फ बद्रू बॅनर्जी हेही आघाडीचेच खेळाडू. ते ९२ वर्षे जगले आणि २०२२ च्या ऑगस्टमध्ये गेले. त्यांनाही अल्झायमर होता.

एकाच आघाडीच्या फळीतील दोघांना स्मृतिभ्रंश. आपल्या मनात जो प्रश्न आला असेल तोच माझ्याही मनात आला. परंतु येथे थांबून एक गोष्ट स्पष्ट करणे भाग आहे. ऐंशी-नव्वदीत पोहोचलेल्या माणसांत स्मृतिभ्रंश मुळातच मोठ्या प्रमाणावर आढळतो, मग त्यांनी चेंडूला पाय लावलेला असो वा नसो. या दोघांचा आजार फुटबॉलमुळे झाला असे म्हणण्यास कोणताही आधार नाही आणि मी ते म्हणत नाही. एखाद्या व्यक्तीविषयी असे सांगता येत नसले, तरी हजारो खेळाडूंचा एकत्र विचार केला असता काय दिसते, हे मात्र आता ठाऊक झाले आहे.

ही वाट दाखविली एका स्ट्रायकरच्या मृत्यूने. इंग्लंडचे जेफ अ‍ॅस्टल हे हेडरसाठी विख्यात होते. १९६८ च्या एफए कपचा अंतिम सामना त्यांच्या एकमेव गोलवर त्यांच्या संघाने जिंकला. खेळ संपल्यावर त्यांनी खिडक्या आणि इमारती साफ करण्याचा व्यवसाय केला. पन्नाशीतच त्यांची स्मृती ढासळू लागली आणि २००२ च्या जानेवारीत, ५९ व्या वर्षी, ते वारले. मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने मृत्यूचे कारण व्यवसायजन्य आजार असे नोंदविले. खाणकामगाराच्या फुप्फुसाविषयी जो शब्द वापरतात, तो प्रथमच अशा रीतीने फुटबॉलपटूच्या मेंदूविषयी वापरला गेला. २०१४ साली त्यांच्या मेंदूची पुन्हा तपासणी झाली, तेव्हा मुष्टियोद्ध्यांत आढळणारी, वारंवारच्या आघातांनी होणारी झीज त्यात दिसली.

पुढे ग्लासगो विद्यापीठाने ७,६७६ माजी स्कॉटिश व्यावसायिक फुटबॉलपटूंची तुलना २३,०२८ सर्वसामान्य लोकांशी केली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात खेळाडूंपैकी १.७ टक्के जणांच्या मृत्यूचे मुख्य कारण मेंदू झिजविणारे आजार हे होते. इतरांत हे प्रमाण ०.५ टक्के. वय आणि इतर बाबींचा हिशेब करून धोका सुमारे साडेतीन पट ठरला. पुढच्या अभ्यासात तो बचावपटूंत सर्वाधिक आणि गोलरक्षकांत सर्वांत कमी निघाला. आघाडीचे खेळाडू या दोहोंच्या मधे. गोलरक्षक चेंडू हातांनी अडवितो, हे लक्षात घेतले की बोट कोठे जाते ते आपल्याला कळेलच. तरीही हेडर हेच एकमेव कारण, असा निर्विवाद निकाल अद्याप लागलेला नाही.

याच अभ्यासाची दुसरी बाजू बातम्यांत फारशी आली नाही, म्हणून ती मुद्दाम सांगतो. हृदयविकाराने आणि फुप्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू या खेळाडूंत इतरांपेक्षा कमी होते, आणि सत्तरीपर्यंत त्यांचे एकूण मृत्यूचे प्रमाणही कमी होते. धावण्याने हृदयाला जे दिले ते खरेच होते. तेव्हा ‘खेळलो हीच चूक झाली’ असे कोणा ज्येष्ठाने मनास लावून घेऊ नये, आणि घरातील कोणी त्यांना तसे सुचवूही नये.

जाकार्ताचीच एक हकिगत पाहा. बचावपटू जर्नेल सिंग यांच्या डोक्याला स्पर्धेत जखम होऊन टाके पडले होते. प्रशिक्षक रहीम यांनी त्यांना बचावातून काढून आघाडीला खेळविले, आणि त्यांनी उपांत्य व अंतिम अशा दोन्ही सामन्यांत गोल केले. आपण ही शौर्यकथा म्हणून ऐकली आणि ती आहेच. आज मात्र डोक्याला जबर मार बसल्याची शंका आली तरी खेळाडूला त्या दिवशी परत मैदानात पाठवू नये, असा दंडक आहे. पहिल्या धक्क्यातून मेंदू सावरला नसताना दुसरा बसला, तर तो कितीतरी अधिक घातक ठरू शकतो.

आता हा विषय आपल्या घरात आणतो. आपल्या वयात डोक्याला मार बसतो तो बहुधा मैदानावर नव्हे, तर न्हाणीघरात, ओल्या ओट्यावर किंवा अंधारात खाटेवरून उठताना. वयाबरोबर मेंदू किंचित आक्रसतो, त्याच्या आवरणाखालच्या बारीक शिरा ताणल्या जातात आणि साध्याशा ठोशानेही त्यातून थेंबथेंब रक्त झिरपू लागते. त्या वेळी काहीच जाणवत नाही. टेंगूळ येते, हळद लावली जाते, विषय संपतो. दोन-चार आठवड्यांनी मात्र आजोबा सुस्त होतात, बोलताना अडखळतात, एका बाजूचा पाय ओढू लागतात, माणसे चुकतात. आणि घर म्हणते, ‘वय झाले.’ वाचकहो, कृपा करून हे दोन शब्द उच्चारण्याआधी मागील दोन महिन्यांत ते कधी पडले होते का, हे आठवा आणि ते डॉक्टरांना सांगा. मेंदूच्या सीटी स्कॅनमध्ये असे साठलेले रक्त दिसते आणि बहुतेकदा ते कवटीला लहान छिद्र पाडून काढता येते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, अगदी हृदयासाठीची रोजची अ‍ॅस्पिरिनसुद्धा, चालू असतील तर हा धोका वाढतो. अशा व्यक्तीला डोक्यावर पडल्यानंतर त्याच दिवशी दाखवावे. गोळ्या मात्र आपल्या मनाने बंद करू नयेत.

विसरभोळेपणाची इतरही कारणे असतात आणि त्यांतील कित्येक बरी होणारी असतात. जीवनसत्त्व बी-१२ ची कमतरता आपल्या शाकाहारी घरांत सर्रास आढळते. मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत किंवा आम्लपित्ताच्या गोळ्या रोज घेणाऱ्यांत ती अधिकच. थायरॉइडचे काम मंदावणे, दडलेले नैराश्य, झोपेच्या गोळ्या, कमी झालेली श्रवणशक्ती, हीही कारणे आहेतच. आणि एक खूण पक्की ध्यानात ठेवा. स्मृतिभ्रंश महिन्या-वर्षांच्या गतीने येतो. एक-दोन दिवसांत अचानक भ्रम, बडबड किंवा गुंगी आली तर तो जुना आजार वाढलेला नसून नवे काही घडलेले असते. बहुधा लघवीचा किंवा छातीचा जंतुसंसर्ग, क्षारांचा तोल बिघडणे, नवे औषध, क्वचित पक्षाघात. त्यास तातडीने रुग्णालय हवे. स्मृतीच्या तक्रारीसाठी आपल्या जिल्हा रुग्णालयात, अथवा लोणीसारख्या ठिकाणच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखविता येते. जाताना सर्व गोळ्यांची पाकिटे एका पिशवीत घालून न्यावीत. तोंडी सांगण्यात दोन-तीन हमखास राहून जातात.

गुडघ्यांविषयी थोडक्यात. पूर्वी मैदानावर गुडघ्यातील कूर्चा फाटली की ती काढून टाकत आणि खेळाडू पुन्हा धावू लागे. त्याचे मोल साठीत चुकते करावे लागे. त्यात खेळ थांबला तरी खेळाडूची भूक थांबत नाही. सरावाच्या दिवसांतले ताट तसेच राहते आणि वजन वाढते. शरीराचे एक किलो वजन कमी झाले, तर चालताना गुडघ्यावर प्रत्येक पावलागणिक येणारा सुमारे चार किलोंचा भार कमी होतो. खुर्चीत ताठ बसून एक पाय सरळ करावा, दहा अंक मोजेपर्यंत धरावा, मग दुसरा. सकाळ-संध्याकाळ दहा-दहा वेळा. मांडीचा स्नायू बळकट झाला की गुडघा पुष्कळ सोसतो. महागडी तेले चोळण्यापेक्षा यावर माझा भरवसा अधिक आहे.

परंतु गुडघ्याहून अवघड एक दुखणे आहे, ज्याची तपासणी होत नाही. खेळाडू दोनदा निवृत्त होतो. पहिली निवृत्ती तिशी-पस्तिशीत, जेव्हा इतरांची कारकीर्द रंगात येत असते. मेलबर्नच्या त्याच संघातील तुळसीदास बलराम यांना तर आजारपणामुळे तिशीच्या आतच खेळ सोडावा लागला. ते अविवाहित राहिले. कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्यात हुगळीकाठी त्यांचे उत्तरायुष्य एकाकी गेले आणि २०२३ च्या फेब्रुवारीत ते निवर्तले. त्यांच्या मनातले आपण जाणू शकत नाही. पण आपल्या वाडीवस्तीवर, गल्लीत, सोसायटीत असा एखादा जुना खेळाडू, पैलवान किंवा कबड्डीपटू असतोच, ज्याच्या ढालींवरची धूळ कोणी पुसत नाही. आठवड्यातून एकदा त्याच्याकडे जाऊन बसणे हे औषधाइतकेच उपयोगी आहे. हे मी भावनेच्या भरात लिहीत नाही. लॅन्सेट आयोगाने २०२४ च्या अहवालात स्मृतिभ्रंशाचा धोका वाढविणाऱ्या, पण टाळता येण्याजोग्या १४ बाबी सांगितल्या. त्यांत रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, डोक्याची दुखापत आणि बहिरेपणा यांच्या पंक्तीला एकाकीपणाही बसलेला आहे.

नातवंडांचा प्रश्न आजी-आजोबा हमखास विचारतात. वाडिया पार्कवर किंवा शाळेच्या मैदानावर मूल फुटबॉल शिकायला जाते, पाठवावे की नको? अवश्य पाठवावे. फक्त प्रशिक्षकांना एवढे विचारावे, की लहान मुलांकडून हेडरचा सराव करून घेता का? अमेरिकेच्या फुटबॉल संघटनेने दहा वर्षे व त्याखालील मुलांसाठी हेडर बंद केले आहे. इंग्लंडमध्ये २०२० पासून प्राथमिक शाळेच्या वयातील मुलांना सरावात हेडर शिकवीत नाहीत, आणि तेथील मोठ्या खेळाडूंनाही जोरकस हेडर सरावात आठवड्याला दहाच्या आत ठेवण्यास सांगितले आहे. मूल डोके आपटून पडले आणि त्याला गरगरले, ओकारी आली किंवा ते गोंधळले, तर खेळ तेथेच थांबवावा.

शेवटी, ज्यांच्या घरी स्मृतिभ्रंश आधीच आलेला आहे त्यांच्याशी. पश्चिम जर्मनीला १९७४ चा विश्वचषक जिंकून देणारा गोल करणारे गेर्ड म्युलर यांना अल्झायमर असल्याचे २०१५ साली त्यांच्या क्लबने जाहीर केले. अखेरची वर्षे ते शुश्रूषागृहात होते, २०२१ मध्ये ते गेले, आणि तोवर त्यांच्या पत्नी त्यांना भेटावयास जात राहिल्या. चालू दिवस पुसला जात असताना जुने दिवस बराच काळ टिकून राहतात, हे या आजाराचे वैशिष्ट्य. त्याचाच आधार घेऊन स्कॉटलंडमध्ये जुन्या सामन्यांची छायाचित्रे, तिकिटे, पोशाख दाखवून रुग्णांशी गप्पा मारण्याचा उपक्रम चालतो. एरवी गप्प असलेली माणसे त्या वेळी खेळाडूंची नावे सांगू लागतात. आपल्याकडे फुटबॉलच हवा असे नाही. साखर कारखान्याचा पहिला गळीत हंगाम, दिंडीतले मुक्काम, जुन्या एसटी स्टँडचे छायाचित्र, हरिपाठ. ज्याचे जे असेल ते.

त्यांची परीक्षा मात्र घेऊ नका. पाहुणे आले की ‘ओळखा पाहू हे कोण?’ असे विचारण्याची आपल्याकडे फार वाईट खोड आहे. त्या माणसाला उत्तर येत नाही, पण आपण नापास झालो हे समजते. ‘आबा, ही आपली सुनंदाआत्या आली आहे,’ असे आपणच सांगून टाकावे. ते वारलेल्या आईची वाट पाहत असतील तर ‘ती कधीच गेली’ असे पुनःपुन्हा ऐकवू नये. त्यांच्यासाठी ती बातमी दर वेळी नवी असते. ‘आई कशी होती, काय करायची?’ असे विचारावे. खिशात नाव व घरचा फोन क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवावी, न्हाणीघरात धरायला दांडा बसवावा, रात्री मंद दिवा असावा.

आणि सांभाळणाऱ्या सूनबाई, लेकी, पत्नी, मुलगे, आपण स्वतः शेवटची सलग झोप कधी घेतली? आठवड्यातला एक दुपारचा वेळ दुसऱ्या कोणावर सोपवून बाहेर पडणे हा आपला हक्क आहे. भावंडांत त्यावरून वाद झाला तरी तो मागावा. ज्येष्ठांसंबंधी माहिती व मदतीसाठी १४५६७ ही एल्डरलाइन विनामूल्य आहे, आणि मनावरचा ताण असह्य होऊ लागला तर १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही मराठीत बोलता येते. तो क्रमांक रुग्णासाठी आहे तसाच आपल्यासाठीही आहे.